समुद्रकाठची गाडी व मावळचे पाणी

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली म्हणजे पहिले दोन-चार दिवस वर्गात अभ्यासापेक्षा प्रवासाच्याच गोष्टी अधिक निघतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. यंदा मुंबईस मामाकडे जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्याने तेथील विजेच्या दुमजली बसगाडीचे वर्णन मोठ्या चवीने केले. गाडीस धूर नाही, खडखडाट नाही, वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर बसले म्हणजे आपणच गाडी हाकीत आहोत असे वाटते, इत्यादी इत्यादी. ते ऐकून मागच्या बाकावरील दुसरा एक मुलगा सहज बोलून गेला, "आमच्या वाडीला साधी गाडी येत नाही, आणि तिकडे दोन मजल्यांची!" वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु घरी गेल्यावर ते वाक्य आमच्या मनातून जाईना. कारण त्या मुलाची वाडी मुळशीच्या जलाशयाच्या काठावर आहे, आणि मुंबईची गाडी विजेवर कशी चालू लागली याची हकीकत सांगू गेल्यास ती त्या जलाशयापाशी आल्यावाचून पुरी होत नाही.

ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ठाऊक असावी, आणि तिच्यातून आमच्या मनात उभे राहिलेले एक मत त्यांच्यापुढे विचारार्थ ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

मुंबई बेटावर सार्वजनिक गाडी प्रथम धावली ती घोड्यांच्या बळावर. ९ मे १८७४ रोजी रुळांवरून घोडे ओढीत असलेली ट्राम दोन वाटांनी सुरू झाली : एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस, व दुसरी बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस. भाडे आरंभी तीन आणे होते. उतारूंची गर्दी वाढली तसे ते दोन आण्यांवर आले. ज्याच्या पदरी घोडागाडी त्याने सुखाने जावे व इतरांनी उन्हातान्हात पायपीट करावी, हा जो जुना शिरस्ता, तो मोडण्यास या गाडीने आरंभ केला. सार्वजनिक गाडीचे खरे महत्त्व आम्ही येथेच मानतो. ती माणसाची ऐपत विचारीत नाही. ठरलेले भाडे दिले की ज्याला त्याला बसावयास जागा, एवढाच तिचा कायदा.

पुढे १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. तिच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून 'बेस्ट' हे नाव मुंबईकरांच्या तोंडी कायमचे बसले. ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली आणि घोड्यांची सुटका झाली. त्या वेळी ट्रामची वीज वाडीबंदर येथील कारखान्यात कोळसा जाळून करीत असत. कोळशाची खाण मुंबईच्या आसपास कोठेही नाही. तो दुरून आणावा लागे. परंतु मुंबईच्या पाठीशी सह्याद्री उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावर मृगापासून हस्तापर्यंत धो धो पाऊस कोसळतो. या पाण्यापासूनच शहरास वीज का मिळू नये, हा विचार जमशेटजी टाटा यांच्या मनात घोळत होता. १९०४ साली ते निवर्तले. त्यांच्या मागून त्यांच्या पुत्रांनी तो अमलात आणला. लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ साली चालू झाले, आंध्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचे १९२२ साली, आणि आमच्या मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे १९२७ साली.

या योजनेतील युक्ती समजण्यास भूगोलाचा नकाशा समोर घ्यावा. नीला व मुळा या आमच्या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेस वाहतात. मुळेस पुण्यास मुठा मिळते. पुढे भीमा, मग कृष्णा, असे करीत ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरास जाते. सह्याद्रीचा पूर्वेकडील उतार सौम्य आहे. पश्चिमेकडे मात्र कडा एकदम तुटलेला. तेव्हा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावे, तुंबलेले पाणी बोगद्यातून कड्यापर्यंत न्यावे, आणि तेथून पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडावे, म्हणजे त्या पडत्या पाण्याच्या जोराने यंत्राची चाके फिरून वीज उत्पन्न होते. काम झालेले पाणी कुंडलिका नदीत पडते व रेवदंड्यापाशी अरबी समुद्रास मिळते. पूर्वेच्या समुद्राकडे निघालेल्या पाण्याचे तोंड मनुष्याने असे पश्चिमेच्या समुद्राकडे फिरविले. त्या पाण्याची शक्ती तारांवाटे मुंबईस पोहोचली, आणि तिच्यावर गिरण्यांची चाती, रस्त्यावरचे दिवे व समुद्रकाठच्या गाड्या चालू लागल्या. ट्रामची कंपनीही पुढे टाटांकडून ठोक वीज विकत घेऊ लागली.

परंतु या युक्तीचे मोल कोणी दिले, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. या जलाशयाच्या योजनेत मुळशी पेट्यातील ५२ गावे व सुमारे ११ हजार माणसे सापडली. भाताची चांगली खाचरे, देवळे, चावड्या, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, सर्व काही पाण्याखाली जावयाचे होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांनी या लढ्याचे नेतृत्व केले, आणि 'सेनापती' ही पदवी त्यांस याच लढ्याने दिली. पुरुषांबरोबर स्त्रियाही बांधकामाच्या जागी आडव्या आल्या व तुरुंगात गेल्या. १९२४ च्या अखेरीस धरणाच्या कामाची आगगाडी अडविल्याबद्दल सेनापतींस सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह मोडला, धरण पुरे झाले, आणि गावे बुडाली. जमिनीची भरपाई कायद्याप्रमाणे ठरली. परंतु पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या असल्यामुळे कसणाऱ्याच्या हाती त्यातील फारसे लागले नाही.

मुंबईत सेनापती बापट मार्ग नावाचा एक लांबच लांब रस्ता आहे. त्याच्यावरून बेस्टच्या गाड्या रोज जातात. गाडीतील किती उतारूंस हे सेनापती कोठले व कशासाठी लढले हे सांगता येईल, कोण जाणे! आम्ही त्यांस बोल लावीत नाही. दिवा लावणारा मनुष्य तेल कोणत्या शेतातून आले हे क्वचितच विचारतो. परंतु ज्या शेतातून ते आले, त्या शेतकऱ्याच्या मुलांस तरी ते ठाऊक असावयास हवे.

आता पुनः समुद्रकाठच्या गाडीकडे वळू. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत पहिली मोटार-बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. ट्रामला रूळ लागतात. बसला रस्ता असला की पुरे. त्यामुळे जेथे ट्राम जात नसे अशा पेठांत व उपनगरांत बस शिरली. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत सहा लाख उतारूंनी तिचा लाभ घेतला. १९३७ साली दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ही सर्व व्यवस्था खाजगी कंपनीकडून मुंबई महानगरपालिकेकडे आली व गाडी खऱ्या अर्थाने नागरिकांची झाली. ट्राम मात्र हळूहळू मागे पडली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली, आणि नव्वद वर्षांचा तो अध्याय संपला.

या ट्राम व बसच्या मध्ये एक तिसरी गाडी होऊन गेली. तिचे नाव आजच्या मुलांनी बहुधा ऐकलेही नसेल. ती म्हणजे ट्रॉलीबस. दिसावयास ती बससारखीच. रबरी चाकांची, रुळांवाचून धावणारी. परंतु तिच्या टपावर दोन लांब दांडे असत, व ते रस्त्यावर टांगलेल्या दोन तारांस टेकलेले असत. एका तारेतून वीज गाडीत यावयाची व दुसरीतून परत जावयाची. ट्रामला परतीची दुसरी तार लागत नाही, कारण तिची वीज लोखंडी रुळांतून परत जाते. ट्रॉलीबसला रूळच नसल्यामुळे तार दुहेरी. दांडे फिरते असल्यामुळे रस्त्यात बैलगाडी उभी असली तर ट्रॉलीबस बाजूने वळसा घालून जाऊ शके. ट्रामला हे साधत नाही. धूर नाही, आवाज अल्प, आणि चढावावर जोर मोठा, हे तिचे गुण. तार सोडून तिला जाता येत नाही, दांडा तारेवरून निसटला की गाडी जागच्या जागी उभी राहते, आणि मार्ग वाढवावयाचा तर आधी खांब व तारा उभारण्याचा खर्च, हे तिचे दोष.

अशा गाडीचा पहिला प्रयोग वेर्नर सीमेन्स या जर्मन विद्युत्‌शास्त्रज्ञाने १८८२ साली बर्लिनजवळ केला. आपल्या देशात ती दिल्लीस १९३५ पासून १९६२ पर्यंत चालली. दिल्लीने तिला निरोप दिला त्याच वर्षी मुंबईने तिचे स्वागत केले, हा योग मोठा चमत्कारिक होय. ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर मुंबईची ट्रॉलीबस सुरू झाली. ज्या गवालिया टँकच्या मैदानावर १९४२ साली 'चले जाव'चा पुकार झाला, तेथून ही गाडी गोदीतील कामगारांच्या वस्तीकडे जात असे. परंतु हा प्रयोग एका मार्गापलीकडे फारसा वाढला नाही, आणि मार्च १९७१ मध्ये तो आटोपला. त्या काळी डिझेल स्वस्त होते. तारांचा खटाटोप कशास, असा हिशेब व्यवहारी माणसांस पटला असल्यास नवल नाही. पुढे दोनच वर्षांनी, १९७३ साली, जगभर खनिज तेलाचे भाव भडकले आणि स्वस्त डिझेलचा हिशेब सर्वांसच पुनः मांडावा लागला. तोपर्यंत तारा उतरल्या होत्या.

येथे आम्ही एक खुलासा केला पाहिजे. ही ट्रॉलीबस केवळ मुळशीच्याच पाण्यावर चालली असे म्हणणे खरेपणास धरून होणार नाही. वीज तारेत शिरली म्हणजे ती कोठल्या नदीची हे वेगळे काढता येत नाही. शिवाय १९५६ पासून ट्रॉम्बे येथे इंधन जाळूनही टाटांची वीज होऊ लागली होती. परंतु मुंबईची गाडी ज्या विजेवर चालली, तिच्यात आमच्या खोऱ्याचा वाटा होता, एवढे कोणासही नाकारता यावयाचे नाही.

ट्रॉलीबस ही केवळ सपाट शहरी रस्त्यांचीच गाडी, असाही कोणी समज करून घेऊ नये. काळ्या समुद्रावरील क्रिमिया द्वीपकल्पात सिम्फेरोपोल या डोंगरापलीकडील शहरापासून समुद्रकाठच्या याल्टापर्यंत ट्रॉलीबसची तार नेलेली आहे. हा मार्ग १९५९ साली आलुश्ता गावापर्यंत व १९६१ साली याल्टापर्यंत पुरा झाला. त्याची लांबी सुमारे ८६ किलोमीटर असून वाटेत साडेसातशे मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते. जगातील सर्वांत लांब ट्रॉलीबसमार्ग म्हणून तो प्रसिद्ध आहे. नकाशात तो मार्ग पाहताना आम्हांस आमचा ताम्हिणी घाट आठवला. इकडेही डोंगर, खिंड, आणि पलीकडे कोकण व समुद्र. जेथे दळणवळण हे लोकांचे काम आहे असे मानून ते केले जाते, तेथे डोंगरही आडवा येत नाही, एवढा बोध या उदाहरणावरून घेतला तरी पुरे.

मुंबईची गाडी अशी घोड्यावरून विजेवर, विजेवरून तेलावर गेली, त्या अवधीत इकडे घाटावर काय चालले होते? खेड्यापाड्यांस सार्वजनिक गाडीचे खरे सुख मिळाले ते एस.टी.ने. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली. १९५० साली पुणे महानगरपालिकेने शहराची बसवाहतूक आपल्या हाती घेतली. २००७ साली पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांची व्यवस्था एक झाली. या गाड्यांनी आमच्या तालुक्याचे रूप किती पालटले, हे आजोबांस विचारावे. दुखणेकऱ्यास डोलीत घालून पौडपर्यंत आणण्याचे दिवस त्यांनी पाहिलेले असतील. भाताचे पोते, माहेरवाशीण, शाळेचे दप्तर, दवाखान्याची चिठ्ठी, या सर्वांस एकाच गाडीत जागा मिळू लागली. मुंबईत जे काम दोन आण्यांच्या ट्रामने केले, तेच काम येथे लाल गाडीने केले.

आणि आता काळाचे चाक फिरून पुनः विजेवर आले आहे. पुण्यात २०१९ साली विजेच्या बसगाड्या धावू लागल्या; आमच्याच तालुक्यातील हिंजवडीच्या रस्त्यांवर त्या रोज दिसतात. १ जून २०२२ रोजी, एस.टी.च्या पहिल्या फेरीस ७४ वर्षे झाली त्या दिवशी, त्याच पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची विजेची गाडी निघाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईस विजेची दुमजली बस आली, जिचे वर्णन आमच्या विद्यार्थ्याने वर्गात केले. ट्रॉलीबसच्या तारेची जागा आता गाडीच्या पोटातील बॅटरीने घेतली आहे. म्हणजे तारेचा दोष गेला व विजेचा गुण राहिला. खांब नकोत, तारा नकोत. गाडी रात्री विजेवर भरून घ्यावी व दिवसा हवी तेथे न्यावी. तेव्हा विजेची गाडी शहरापुरतीच, ती खेड्यात कशी येणार, असे म्हणण्यास आता पूर्वीइतके कारण उरले नाही.

आता आमचे मत स्पष्ट शब्दांत मांडतो. ज्या खोऱ्याने आपली जमीन देऊन दुसऱ्याच्या गाडीस वीज दिली, त्या खोऱ्यातील शेवटच्या वाडीपर्यंत शाळेच्या वेळेस जाणारी व शाळा सुटल्यावर परत आणणारी गाडी असणे हा त्या खोऱ्याचा हक्क आहे. ती मेहेरबानी नव्हे. हे समाजावर असलेले ऋण आहे, आणि ऋण फेडताना सावकाराकडे किती उतारू मिळतील हे विचारण्याची रीत नाही.

यावर आक्षेप काय येईल हे आम्हांस ठाऊक आहे. वाड्या विखुरलेल्या, वस्ती तुरळक, पावसाळ्यात रस्ता बिकट. गाडी रिकामी धावेल व तोटा येईल. हा आक्षेप खोटा नाही. तोटा येईलच. परंतु मुंबईचेच उदाहरण पाहावे. बेस्टकडे बसगाड्यांबरोबर शहराच्या एका भागास वीज पुरविण्याचेही काम आहे, आणि बसच्या खात्यात येणारी तूट कित्येक वर्षे विजेच्या खात्यातील नफ्यातून भरून काढीत असत. म्हणजे शहरातील गरीब उतारूचे तिकीट स्वस्त राहिले ते विजेच्या पैशाच्या आधाराने. हा व्यवहार आम्हांस अत्यंत शहाणपणाचा वाटतो. आमचा प्रश्न एवढाच की, विजेच्या पैशातून वीज वापरणाऱ्या शहराची गाडी चालू शकली, तर विजेच्या पैशातून वीज देणाऱ्या खोऱ्याची गाडी का चालू नये? जलाशय तेथेच आहे, भिऱ्याचे वीजघर चालू आहे. त्या उत्पन्नातील अल्पसा अंश काठावरच्या वाड्यांच्या गाडीसाठी बाजूस काढणे हे शासनास व उद्योगास जड जाऊ नये. मोठी गाडी परवडत नसेल तर लहान द्यावी. दिवसातून दहा फेऱ्या आम्ही मागत नाही. सकाळची एक व संध्याकाळची एक, परंतु ठरल्या वेळी व पावसातही येणारी, एवढेच आमचे मागणे.

वेळेवर येणारी गाडी म्हणजे काय, हे ज्यांच्या दारासमोर गाड्या उभ्या असतात त्यांस कळणे कठीण आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या वर्गातील एक हुशार मुलगी चार दिवस आली नाही. आम्ही घरी गेलो. आई म्हणाली, "गुरुजी, संध्याकाळची गाडी बंद झाली. अंधारातून पोरीला दीड कोस कशी चालू देऊ?" या बोलण्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. खेड्यातील शाळकरी मुलींस एस.टी.चा प्रवास फुकट आहे; मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्ध्या भाड्यात जाता येते. या सवलती थोर आहेत व त्या देणाऱ्यांचे आम्ही आभारी आहोत. परंतु जी गाडी येतच नाही तिचे अर्धे भाडे काय आणि पूर्ण भाडे काय! त्या मुलीस शेवटी पौडला मावशीकडे राहावे लागले. मावशी होती म्हणून शिक्षण टिकले. जिला मावशी नाही तिचे काय?

पालकांस आमची एक विनंती आहे. सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीच्या रस्त्यावर खाजगी मोटारींची रांग लागते, ती आपण पाहतोच. आपल्यातीलही पुष्कळांकडे आता दुचाक्या आल्या आहेत, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु घरात दुचाकी आली की सार्वजनिक गाडीची चिंता आपण सोडून देतो; उतारू कमी होतात; उतारू कमी झाले म्हणून फेरी बंद होते; आणि ज्याच्याकडे दुचाकी नाही तो विधवेचा मुलगा अगर म्हातारा मनुष्य रस्त्यावर उभा राहतो. तेव्हा शक्य असेल त्या दिवशी गाडीनेच जावे. ग्रामसभेत रस्ते-पाणी यांच्याबरोबर गाडीच्या वेळेचाही विषय काढावा, व मागणी लेखी करावी. मोघम तक्रारीपेक्षा किती मुले, कोणत्या वाडीची, किती वाजता, असा नीट मांडलेला अर्ज अधिकाऱ्यांस विचारात घ्यावाच लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही वाट्यास काही कर्तव्य येते. गाडीच्या बाकावर खिळ्याने नाव कोरणे, खिडकीची काच फोडणे, वाहकाशी हुज्जत घालणे, या गोष्टी ज्या गाडीत घडतात ती गाडी आपली आहे असे कोणास वाटणार? गाडीत वृद्धांस जागा द्यावी, रांग मोडू नये, आणि चालक-वाहकांस नमस्कार करावा. पावसात घाटाची वाट काढीत तुम्हांस शाळेत पोहोचविणारा मनुष्य तुमच्या गुरुजनांइतकाच तुमच्या शिक्षणाचा साहाय्यक आहे. त्याचप्रमाणे, तुमच्यापैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा बुडालेल्या गावांतील असतील, त्यांनी त्या गावांची नावे, तेथील देवळे, वाटा, सण यांच्या आठवणी घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्याव्या. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पाहून घेऊ असे म्हणून थांबू नये. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

मुंबईच्या लोकांविषयी आमच्या मनात असूया नाही. आमच्या खोऱ्यातील शेकडो घरे मुंबईच्या गिरण्यांवर, गोदीवर व डबेवाल्यांच्या कष्टांवर जगली. पाण्यामागून माणसेही घाट उतरून गेली. त्या शहराची गाडी विजेवर चालावी, धुरावाचून चालावी व स्वस्त चालावी, अशीच आमची इच्छा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, तारेचे एक टोक जसे समुद्रकाठी आहे, तसे दुसरे टोक आमच्या तळ्याकाठी आहे, आणि गाडी दोन्ही टोकांस पोहोचली पाहिजे.

मागच्या बाकावरील त्या मुलास आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. हा लेख म्हणजे त्याचे अर्धे उत्तर होय. उरलेले अर्धे ज्या सकाळी त्याच्या वाडीच्या पारापाशी वेळेवर गाडी उभी राहील त्या सकाळी मिळेल. तो दिवस आणण्यास आपण सर्वांनी आपापला हात लावावा, अशी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.